कुरवंड्याची पोकळ गिटार

लोणावळ्याला लोक हवा खायला जातात आणि येताना चिक्की घेऊन येतात. मी गेलो तो भीतीपोटी, आणि येताना काय आणलं ते पुढे येईलच. नागफणीचा सुळका लांबून पाहून सगळे परत फिरतात. त्याच्या अंगाला असलेल्या कुरवंडे गावात आमच्या ओळखीतलं कुणीच गेलेलं नाही. मीही हौसेने गेलो नसतो. डोंगर, धुकं, कुत्री आणि अनोळखी माणसं या चारही गोष्टींना मी लहानपणापासून भितो. पण त्या कार्तिकात या चौघांहून मोठी भीती माझ्या डाव्या हातात येऊन बसली होती.

मी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. चार जाड तारा, खालचे सूर. लोकांना आमचं वाजवणं वेगळं असं ऐकू येत नाही, पण ते थांबलं की गाणं लंगडायला लागतं. माझी गिटार पुण्यातल्याच एका सुताराने जुन्या दाराच्या सागवानातून घडवलेली होती, आणि ती दारच राहिली होती. तिचा पट्टा डाव्या खांद्यावर तीन-तीन तास घेऊन उभं राहायचं. वर तिची मान सतत खाली झुकायची, ती डाव्या हाताने उचलून धरायची, आणि त्याच हाताने सूरही दाबायचे. गणपतीतले कार्यक्रम संपले आणि एके सकाळी माझी करंगळी झोपेतून उठलीच नाही. डॉक्टरांनी टाचणी टोचली. मी दुसरीकडे बघत होतो. टोचून झाल्याचं मला त्यांनीच सांगितलं.

"खांद्यातली नस दाबली जातेय," ते म्हणाले. "हे ओझं असंच वागवलंत तर एकेक बोट जाईल. एकतर वाजवणं सोडा, नाहीतर हलकं वाद्य बघा."

पुढच्याच लग्नात करंगळीने दगा दिला. सूर दाबला असं मला वाटलं, आणि तार नुसतीच फडफडली. गायिकेने मागे वळून पाहिलं. आमचे ऑर्केस्ट्राचे मालक बाळासाहेब कार्यक्रम संपल्यावर अगदी हळू आवाजात म्हणाले, "शनिवारचा कार्यक्रम मोठा आहे. हात बरा नसेल तर आत्ता सांगा, मी दुसरा माणूस बघतो." मी हात उत्तम असल्याचं सांगितलं. हे सांगताना तो मी खिशात घातला होता.

शनिवारला चार दिवस होते. पियानो आणि पेट्या दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ माझ्या ओळखीचे होते. त्यांना लोणावळ्यातला एक बंगला आठवला. तिथे पियानो लावायला गेले असताना त्यांनी धाकट्या मालकांची परदेशातून आणलेली पोकळ बेस गिटार पाहिली होती. "हलकी म्हणजे अगदी कुरमुऱ्यांची पिशवी," ते म्हणाले. "मुलगा विलायतेला गेला, गिटार इथेच आहे. चिठ्ठी देतो. पण एक सांगून ठेवतो, पोकळ वाद्याचा काही नेम नसतो. एखादा सूर आत असा घुमतो की आवरता आवरत नाही. तो कुठला, ते वाजवल्याशिवाय कळत नाही."

ते चहा पीत सहज बोलले, पण माझा चहा तिथेच निवला.

लोणावळा, गुरुवार

बंगला भुशीच्या रस्त्याला होता. फाटकाशी पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील, तरी झाडांखाली ओल होती आणि सगळीकडे कुजक्या पानांचा वास होता. पुण्यात रिकामं घर असलं तरी शेजारून कुणाची तरी शिट्टी, कुणाचं तरी भांडण ऐकू येतं. इथे आवाज एकच, पत्र्यावर उड्या मारणाऱ्या माकडांचा. फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी होती. मी बाहेरूनच हाका मारल्या.

"या की आत, दादा," म्हणत एक बाई आली. चाळिशीची, पदर खोचलेला, हातात खराटा. ती बंगला सांभाळणारी रखमा. "कुत्रं मरून दोन वर्सं झाली. पाटी र्‍हाऊ दिलीया, लोक भ्येत्यात."

लोक म्हणजे मी. चिठ्ठी तिने मलाच वाचायला लावली, आणि मग किल्ल्या घेऊन दिवाणखाना उघडला. खुर्च्या-कोचांवर पांढऱ्या चादरी टाकल्या होत्या. कोपऱ्यात पियानो, आणि त्याच्या शेजारी भिंतीला टेकून उभी असलेली गिटारची काळी पेटी. मी गुडघ्यावर बसून कड्या काढल्या, झाकण उचललं. आत तांबडी मखमल, आणि मखमलीत गिटारच्या आकाराचा खड्डा. गिटार नव्हती.

माझा चेहरा पडलेला तिला दिसला असावा. "अवो, ती माझ्या बाकडं हाय," रखमा म्हणाली. "बा हितं माळी हुता. धाकलं मालक जाताना त्याच्या हातात देऊन ग्येलं. बा म्हनला, पेटीत वल धरंल, म्हनून वर कुरवंड्याला न्हेली."

"वर म्हणजे?"

"घरात. आढ्याला टांगलीया, चुलीवर. उंदीर लागाय नगं."

चुलीवर! लाकूड पातळ, सगळे जोड सरसाचे. धुराने आणि उष्णतेने एव्हाना सांधे सुटले असतील, पोट फाटलं असेल. तिथूनच परतीची गाडी धरावी असं मनात आलं. पण परत जाऊन बाळासाहेबांना काय सांगणार होतो? मी वाट विचारली.

"सडकंनं सरळ जावा," रखमाने सांगितलं. "आन् बाला मोठ्यानं इचारू नगा गिटार कवा देतूस म्हनून. मागं एक हाटेलवाला आलता, भितीला टांगायची म्हनत हुता. बानं त्याला पानीबी इचारलं न्हाई."

कुरवंड्याची वाट

तीन वाजता निघालो. रिकामी पेटी उजव्या हातात घेतली होती. सडक चढत गेली तशी घरं संपली आणि समोरून धुकं यायला लागलं. पावसाळा सरून महिना होऊन गेला होता, तरी दरीतून ते असं वर येत होतं की दहा पावलांपुढची म्हैस मला आधी ऐकू आली आणि मग दिसली. उजव्या हाताला कड्याची बाजू आहे एवढं ठाऊक होतं. कडा किती जवळ आहे ते मात्र दिसत नव्हतं, आणि ते दिसत असतं तर अधिक बरं की वाईट, हे मी ठरवू शकलो नाही. मी सडकेच्या डाव्या कडेने, जवळजवळ गवतातूनच चालत राहिलो. दर थोड्या वेळाने अंगठ्याच्या नखाने डावी बोटं एकेक करून दाबून बघायचो. पहिलं आहे, मधलं आहे, अनामिका आहे, करंगळी नाही. ही माझी त्या दिवसांतली जपमाळ होती.

धुक्यातून डोक्यावर भाताचा भारा घेतलेला एक माणूस निघाला. भाऱ्याखाली फक्त पाय आणि आवाज.

"कुटं निघालात?"

मी रखमाच्या बाचं, सखाराम आबा माळ्याचं घर विचारलं.

"हितनं म्होरं मारुतीचं देऊळ, त्याच्या मागं. बिगीबिगी जावा. परवा वाघरानं कुत्रं उचललं हितनंच."

"कुठून?"

"तुमी हुबं हाईत ना, तितनं."

मी तिथे उभा राहिलो नाही. रिकामी पेटी छातीशी धरून देवळापर्यंतचं अंतर जवळजवळ पळतच काटलं. वाघराने झडप घातलीच तर मधे मखमलीची पेटी असावी असा काहीतरी विचार मनात होता.

आबांचं घर

आबा ओट्यावर पखवाज मांडीवर घेऊन बसले होते. सत्तरीचे असतील. काटकुळे, गळ्यात तुळशीची माळ, डोक्याला फटकूर. माझ्या हातातली काळी पेटी पाहून त्यांनी पखवाज बाजूला ठेवला. मग म्हणाले, "धाकलं मालक आलं का काय वाटलं."

आत चुलीच्या धुराने सगळं आढं काळं झालेलं. बियाण्यासाठी ठेवलेली मक्याची कणसं, लसणाच्या जुड्या, आणि त्यांच्या रांगेत सुतळीने बांधलेली, जुन्या धोतरात गुंडाळलेली गिटार. आबांनी स्टुलावर चढून ती सोडवली. धोतर उलगडताना मी श्वास धरून बसलो. पोट फुगीर, त्यावर दोन्ही बाजूंना आरपार कोरलेल्या वळणदार खाचा, रंग मूळचा मधासारखा असावा, आता काकवीसारखा झालेला. मी कडेकडेने बोटं फिरवली. एकही सांधा उकलला नव्हता, आणि तारा सगळ्या सैल सोडलेल्या होत्या.

"तारा कुणी सैल केल्या?" मी विचारलं. ताणलेल्या तारांनी वर्षानुवर्षं ठेवली असती तर मान वाकून गिटार कायमची गेली असती.

"मी. पखवाजबी ठिवताना उतरून ठिवत्यात. ताणलेलं कुनीबी लय दिस टिकत न्हाई," आबा म्हणाले.

ती मांडीवर घेतली आणि खरंच सांगतो, मला रडू येईल असं वाटलं. वजनच नव्हतं. तिची गोल कड बरगड्यांशी नीट बसली, मान आपली आपण वर राहिली. डावा हात कित्येक महिन्यांनी मोकळा झाला. गावात वीज नव्हती, अँप्लिफायरचा प्रश्नच नव्हता. माझी सागवानी गिटार इथे मुकी पडली असती. हिचा आवाज मात्र त्या कुडाच्या घरात चुलीपर्यंत पोचला. जाड, मऊ, ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं धडपडत होतो तोच. मी तारा लावल्या आणि एकेक सूर वर चढवत गेलो. आणि मग एका सुराला तिने गुरगुरायला सुरुवात केली. हात उचलला तरी गुरगुर आतल्या आत चालूच. सूर हार्मोनियमवरच्या काळी एकचा. आबांचा पखवाज लावलेला होता तो भजनाचा षड्ज हाच, आणि शनिवारची अर्धी गाणीही त्याच पट्टीतली.

वीज नसताना ही तऱ्हा, तर अँप्लिफायर लावल्यावर सभागृहात ती किंचाळेल आणि बाळासाहेब तिथेच माझा निकाल लावतील. मी तो सूर पुन्हा वाजवला नाही. आबांच्या कानावरून तो गेला नसावा अशी आशा करत बसलो.

जेवायला तांदळाची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं होतं, वर ठेचा. मी पुण्यातल्या सवयीने, पोळ्या होत नाहीत का, असं विचारून बसलो. आबांनी फडताळातला एक छोटा डबा दाखवला. "गव्हाचं पीठ हितं सनाला, आन् पखवाजाला. आमी भातावरली मानसं." पखवाजाच्या डाव्या तोंडावर भिजवलेल्या कणकेचा गोळा थापतात, तेव्हा कुठे त्यातून धुमार, म्हणजे खालचा भरीव आवाज, निघतो. आमच्याकडे जे ताटात पडतं ते इथे वाद्याच्या तोंडी जातं, आणि घर भाकरी खातं.

मी शेवटी गिटारीचा विषय काढलाच. आबा हात धुवत म्हणाले, "मालकाचं पत्र आलतं. आता मी माघारी येत न्हाई, वाजवनारा गावला तर देऊन टाक, असं लिवलं हुतं. तुमी वाजवनारं हाईत का, ते मला कसं कळावं? उद्या पहाटं काकडा हाय. तितं वाजवा. मंग बगू."

रात्रीबद्दल लिहीत नाही. झोप लागली नाही एवढंच.

काकड्याला

कार्तिकात देवळात पहाटे काकडआरती असते, आणि तिला आंघोळ केल्याशिवाय कुणी जात नाही. आबांनी चुलीवर पाणी तापवलं होतं. पाहुण्याने आयतं बसू नये म्हणून मी दोन्ही हातांत फडकं धरून पातेलं उचललं, न्हाणीपर्यंत नेलं, बादलीत ओतलं.

"आरं, हात!" आबा ओरडले.

डाव्या हातातलं फडकं सरकलं होतं. करंगळी उघड्या काठाला चिकटून होती. ती लाल झाली होती, टरारून फोड यायला लागला होता, आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. मी त्या बोटाकडे दुसऱ्याच कुणाचं असावं तसा बघत राहिलो. भीती वाटते म्हणजे काय, ते मला त्या न्हाणीत समजलं. आधीची सगळी नुसती सवय होती. मी तिथल्या दगडावर बसलो.

मग लपवण्यासारखं काही उरलं नाही. डॉक्टर, टाचणी, लग्नातली फडफड, शनिवार, सगळं सांगून टाकलं. "हे बोट मेलंय, आबा. पुढचंही जाईल. मी वाजवणारा राहीन की नाही तेच मला माहीत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी समजून घेईन."

आबांनी फोडावर कोरफडीचा गर लावला. मग हात तसाच धरून विचारलं, "हे बोट भजनात कुटं लागतं?"

"तुमचा षड्जच त्याच्याखाली येतो."

"मंग हात सरकीव म्होरं. तीन बोटांनी वाजीव. चौथं कुनी मागितलंय?"

सागवानी गिटारीवर हे जमलं नसतं. तिची मान उचलून धरणारा हात सरकवणार कसा? हिच्यावर हात हलका होता. हे मला, आयुष्यभर वाजवणाऱ्याला, सुचलं नव्हतं.

देवळात पंधरा-वीस माणसं होती. कांबळी पांघरलेली, तोंडातून वाफ निघत होती. टाळ वाजायला लागले. आबांनी परातीत कणीक भिजवली, निम्मी पखवाजाला थापली, थाप मारून पाहिली, चिमूटभर काढली, पुन्हा लावली. पेटीवाल्याने काळी एक धरली. सगळे माझ्याकडे बघत होते. ते आपले, पुण्याचा माणूस काय करतो, ते बघत होते. मला मात्र एकेक जण बाळासाहेब दिसत होता. मी हात सरकवला, करंगळीऐवजी अनामिकेने षड्ज दाबला आणि गिटार गुरगुरली. पेटी त्याखाली बुडाली. एका म्हाताऱ्याने टाळ थांबवले. मी तारांवर तळवा ठेवून आवाज मारला. सगळं संपलं असं वाटलं.

आबांनी हाताने सगळ्यांना थांबवलं आणि माझ्याकडे सरकले. गिटारीच्या पोटावर कान ठेवला. "पुन्यांदा."

मी वाजवलं. ते मधल्या बोटाने पोटावर टकटक करत कुठेकुठे ऐकत गेले आणि एका जागी थांबले. मग परातीतला उरलेल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा उचलला, वळणदार खाचेतून दोन बोटं आत घातली आणि पोटाच्या आतल्या अंगाला तो दाबून बसवला. परदेशी वाद्य, आत पुरणपोळीची कणीक! मी "आबा, अहो" म्हणेपर्यंत झालंसुद्धा होतं.

"लय मोकाट हाय ती. जरा वजन दिलं की गप ऱ्हाती. वाजीव."

वाजवला. सूर आला, राहिला, आणि मी सोडला तेव्हा थांबला. गुरगुर नाही. आबांनी मान डोलावली, पखवाज ओढून घेतला आणि थाप टाकली. त्यांचा डावा हात आणि माझ्या खालच्या तारा एकाच जागी पडायला लागल्या. काकडा संपेपर्यंत मी कशालाही भ्यालो नाही. एवढा वेळ न भिता बसल्याचं मला दुसरं आठवत नाही.

निघताना आबांनी गिटार स्वतः पेटीत ठेवली. रिकामं झालेलं धोतर खांद्यावर टाकलं. "कनिक दर टायमाला नवी लावायची. वाळली की पडती. आन् काम झालं की तारा उतरून ठिवायच्या." पैशाचं मी बोललो तेव्हा ते ऐकू न आल्यासारखे आढ्याकडे, तिथल्या रिकाम्या सुतळीकडे बघत राहिले.

पुणे

शनिवारी पडद्यामागे मी कणीक भिजवत बसलेला पाहून बाळासाहेब म्हणाले, "काय हो, गिटार जेवल्याशिवाय वाजत नाही की काय?" सगळे हसले. मी गोळा आत दाबून बसवला. अँप्लिफायर लागला, पहिलं गाणं काळी एकमध्येच होतं, आणि ती किंचाळली नाही. तीन तासांनी बाळासाहेब पाठीवर हात ठेवून फक्त "डिसेंबरच्या तारखा लिहून घ्या" म्हणाले. आनंदाच्या भरात मी डाव्या हातानेच लिहायला गेलो आणि मग लक्षात आलं, की मी लिहितो उजव्याने.

याला आता चार महिने होतील. खांदा मोकळा झाला, अनामिका वाचली. करंगळीची आशा डॉक्टरांनी सोडली आणि मीही सोडली. फोडाचा डाग तेवढा राहिला. दर कार्यक्रमाआधी मी परातीत कणीक भिजवतो, पाण्यात बोटं बुडवतो आणि सवयीने जपमाळ ओढतो. पहिलं आहे, मधलं आहे, अनामिका आहे.

परवाही तसाच बसलो होतो. बायकोने माठातलं पाणी आणून दिलं. मी हात घातला आणि एकदम दचकून मागे ओढला. परात कलंडली, पीठ सगळीकडे झालं. ती धावत आली, "काय चावलं?" म्हणून विचारायला लागली. मला बोलता येईना. करंगळीला पाणी गार लागलं होतं.